गेटिसबर्ग डोळ्यांनी, निक्सन कानांनी

अमेरिकन इतिहासाची गोडी लागलेल्याने मासिक घ्यावं की पॉडकास्ट ऐकावा? माझं उत्तर विषयागणिक बदलतं.

अमेरिकन यादवी युद्धातली जुलै १८६३ची गेटिसबर्गची लढाई घ्या. तिसऱ्या दिवशी दक्षिणेचा सेनानी पिकेट याच्या हल्ल्यात सुमारे साडेबारा हजार दक्षिणी सैनिक जवळपास पाऊण मैल उघड्या रानातून चालत गेले. नुसतं ऐकताना लिटल राउंड टॉप ही टेकडी कुठे आणि सेमेटरी रिज हा उंचवटा कुठे, याचा पार गोंधळ उडतो. छापील पानावर नकाशा असतो, बोट ठेवून वाट शोधता येते. 'अमेरिकन हेरिटेज' हे इतिहासाचं नियतकालिक १९५४पासून ब्रूस कॅटनच्या संपादनाखाली पुठ्ठा बांधणीत, जाहिरातींशिवाय निघू लागलं, तेव्हा तो अंक जपून ठेवायची वस्तू होता. असा खर्च कायम कोण सोसणार? पुढे जाहिराती आल्याच.

राष्ट्राध्यक्ष निक्सनचं प्रकरण मात्र कानाचंच. १९७१ ते १९७३ या काळातल्या व्हाइट हाउसच्या ध्वनिफितींतला तो खालचा, कुरकुरणारा आवाज आणि संभाषण पुसलं गेल्याने मधे उरलेली साडेअठरा मिनिटांची कुप्रसिद्ध खरखर कागदावर कशी उतरवणार? राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टचं १९३३चं बँकांवरचं रेडिओभाषणही तसंच.

'बॅकस्टोरी' या पॉडकास्टमध्ये अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाचे तीन इतिहासकार एकाच विषयावर गप्पा मारायचे. २०२०मध्ये कार्यक्रम थांबला. अशी जुगलबंदी लेखात क्वचितच जमते.

संदर्भ तपासायचा असेल तर मात्र पॉडकास्टमध्ये नेमकं वाक्य शोधता शोधता जीव जातो.