आठ रेआलचं नाणं आणि माझे ९३ हजार रुपये

गेल्या श्रावणात मी एका माणसाला दोन हप्त्यांत ९३ हजार रुपये दिले. त्या बदल्यात माझ्या हातात आलं ते जर्मन सिल्वरचं, म्हणजे चांदी नसलेल्या मिश्रधातूचं, एक वेडंवाकडं चकतं. घरी हे सांगायला मला पंधरा दिवस लागले. जुन्या नाण्यांच्या आणि जहाजांच्या नादाची माणसं आपल्याकडे वाढताहेत आणि तो माणूस अजून मोकळा आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

मला समुद्री चाच्यांच्या इतिहासाचं वेड आहे, शाळेत असल्यापासून. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एक भिंत फक्त नकाशांची आहे. रविवारी सकाळी मी लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करतो. एका जहाजाला दोन-अडीच वर्षं सहज जातात, कारण डोलकाठ्यांच्या दोऱ्यांची एकेक गाठ चिमट्याने मारावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जलदुर्गांवर जातो. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा हे सगळे दोन-तीनदा झालेत. या नादात मी कधी फार पैसे घातले नव्हते. लाकूड, दोरा, गोंद, एसटीचं तिकीट, एवढंच. फक्त एक इच्छा मनात होती, की त्या काळातलं एक खरं नाणं आपल्या तळहातावर असावं.

कुठलं नाणं, तेही ठरलेलं होतं. १६९५ च्या सप्टेंबरमध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं. मक्केहून परतणारे यात्रेकरू आणि येमेनमधल्या मोखा बंदरातल्या व्यापाराचा पैसा घेऊन ते सुरतेकडे येत होतं. बादशाह इतका खवळला की सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकलं गेलं. एव्हरीच्या शिरावर बक्षीस लागलं, पण तो कुणालाच सापडला नाही. पुढे त्याचं काय झालं हे आजही कोडंच आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका हौशी शोधकाला जमिनीत १६९३ चं एक येमेनी नाणं मिळालं, तेव्हा पुन्हा एव्हरीचं नाव निघालं. आपल्याच किनाऱ्यालगत घडलेली ही गोष्ट आपल्या पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मोख्याला कॉफीच्या व्यापारात स्पॅनिश चांदी चालायची. म्हणजे आठ रेआलचं नाणं, ज्याला इंग्रज ‘पीस ऑफ एट’ म्हणत. तेव्हा १६९५ च्या आसपासचं, आजच्या बोलिव्हियातल्या पोटोसीच्या टांकसाळीतलं असं एक नाणं मिळालं तर ते एव्हरीच्या लुटीतलं नसेना का, त्या काळातल्या एखाद्या पेटीतलं तरी असू शकेल, असं माझं स्वप्न होतं. आणि हे स्वप्न मी नाणेसंग्राहकांच्या एका मोबाइल गटात सविस्तर, अगदी वर्षासकट लिहिलं. फसवणुकीची सुरुवात तिथे झाली. त्या माणसाने मला काहीही शोधून दिलं नाही. मी जे मागितलं होतं, तेच त्याने बनवून आणलं.

दोन दिवसांनी त्याचा वेगळा संदेश आला. वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, आता निवृत्त आहे, असं तो म्हणाला. नाव मी इथे लिहीत नाही, तसंही ते त्याचं नसणारच. पहिले तीन आठवडे त्याने विकण्याचा विषयच काढला नाही. जहाजांबद्दल विचारायचा, माझ्या प्रतिकृतींचे फोटो मागायचा. एकदा बोलता बोलता कान्होजी आंग्र्यांचा विषय निघाला. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते, आपल्या समुद्रात फिरणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, देत होते आणि ते दस्तक मानायचं नाही म्हणून इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं, हे मी तावातावाने सांगत होतो. तो म्हणाला, “दादा, हे असं बोलणारं कुणी भेटतच नाही हो.” त्या एका वाक्याने मी त्याचा झालो. आता तो सगळा संवाद पुन्हा वाचतो तेव्हा दिसतं की त्याने मला एकही माहिती दिलेली नाही. माझीच माहिती तो चार दिवसांनी मला परत ऐकवत होता.

मग एका रात्री फोटो आला. वलसाडकडच्या एका गावात जुन्या घराचा पाया खणताना मडकं निघालं, त्यात पाच नाणी. घरमालकाला किंमत कळत नाही. “तुमच्यासारख्या जाणकाराकडेच हे जायला हवं. पण दादा, बाहेर बोलू नका, सरकारजमा होईल.”

इथेच मी थांबायला हवं होतं. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. म्हणजे त्याची गोष्ट खरी असती, तर मी चोरीचा माल घेत होतो. आणि त्याला नेमकं हेच हवं होतं. ‘गुपचूप ठेवा’ म्हटल्यावर मी कुणाला दाखवणार नाही, दुसऱ्या जाणकाराचं मत घेणार नाही आणि फसल्यावर पोलिसात जायलाही कचरेन, हा त्याचा हिशोब होता. तो बरोबर निघाला. नाणेसंग्रहात तीस वर्षं घालवलेला माझा एक मित्र दोन गल्ल्या सोडून राहतो. त्यालासुद्धा मी तो फोटो दाखवला नाही.

३८ हजार रुपये मी त्याच्या ‘मेहुण्याच्या’ खात्यावर पाठवले. आठ दिवसांनी कुरियर आलं. कापसात गुंडाळलेलं नाणं, सोबत सोनेरी मोहोर आणि चकाकणारं स्टिकर लावलेलं प्रमाणपत्र. माझे हात खरंच थरथरत होते. पोटोसीच्या त्या नाण्यावर समुद्राच्या लाटांतून वर आलेले दोन खांब असतात, दुसऱ्या बाजूला क्रूस. खांबांच्या मध्ये सालाचे शेवटचे दोन आकडे. माझ्या नाण्यावर स्पष्ट ९५ होतं. त्या रात्री मी ते उशाशी घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार नाण्यांचा विसार म्हणून आणखी ५५ हजार पाठवले. घराच्या रंगकामासाठी बाजूला काढलेले पैसे होते ते.

शंका आली ती तीन आठवड्यांनी. पावसाने वीज गेली होती, टॉर्चच्या तिरप्या उजेडात भिंगाने बघत होतो. समोरून पडणाऱ्या उजेडात जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात दिसतं. काठावरच्या पुसट अक्षरांत तीन अक्षरं उठून दिसली, पी, एच, आय. फिलिपस, म्हणजे राजा फिलिप. १६६५ ते १७०० स्पेनच्या गादीवर दुसरा चार्ल्स होता. १६९५ च्या नाण्यावर फिलिपचं नाव येणं शक्य नाही. कुठल्या तरी दुसऱ्या सालच्या नाण्याचा साचा घेऊन त्यात ९५ कोरलं होतं. माझ्या पोटात खड्डा पडला. तरी मनाची समजूत घालत मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “दादा, चुकीचं नाणं तर जास्त दुर्मीळ! याचे दुप्पट येतील.” हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं.

सकाळी मी आमच्या सराफाकडे गेलो. त्यांनी आधी नाणं काचेवर टाकलं. आवाज बोदा आला. मग तोळकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याला बांधून, तळाला टेकू न देता, पाण्यात सोडलं. हे कुणालाही घरी करता येतं, म्हणून नीट सांगतो. नाण्याचं वजन होतं २६.९ ग्रॅम, म्हणजे असायला हवं तेवढंच. खऱ्या नाण्याचं वजनही साधारण २७ ग्रॅम असतं. म्हणून नुसत्या वजनाच्या परीक्षेत ते पास झालं असतं. पण पाण्यात सोडल्यावर काट्यावर ३.१ ग्रॅम दिसले. खऱ्या चांदीचं नाणं असतं तर २.६ च्या आसपास दिसायला हवे होते. २६.९ ला ३.१ ने भागलं की ८.७ येतात, ही त्या नाण्याची घनता. चांदीची घनता दहाच्या वर असते. सराफांनी काठ जरा कसोटीवर घासून बघितला, टंच काढायची गरजच राहिली नाही. “वरून चांदीचा मुलामा आहे. आत जर्मन सिल्वर. पोटात चांदीचा कण नाही,” ते म्हणाले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा मागवला.

घरी आल्यावर भिंगातून पुन्हा बघितलं तेव्हा सगळंच दिसायला लागलं. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं, ओतकामात हवेचे बुडबुडे राहिले की पडतात तशी. खरं नाणं ओतीव नसतं. चांदीच्या पट्टीचा तुकडा तोडून, वजनात बसेपर्यंत कातरून, दोन छाप्यांमध्ये ठेवून हातोड्याने घाव घालत. त्यामुळे छाप वाकडा पडतो, अर्धा बाहेर जातो. दोन्ही खांब, क्रूस, साल असं सगळं एका नाण्यावर पूर्ण उमटलेलं क्वचितच मिळतं, आणि मिळालं तर ३८ हजारांत नाही. मला जे पाहून आनंद झाला होता, तीच त्यातली खोट होती.

एक गोष्ट तेव्हापासून सारखी मनात येते. खांब आणि लाटांचा हा छापच मुळात खोट्या नाण्यांमुळे आला. १६४९ मध्ये पोटोसीच्या टांकसाळीत चांदीत तांबं मिसळल्याचं उघड झालं. गोमेझ दे ला रोचा नावाच्या मुख्य आरोपीला पुढच्या वर्षी मृत्युदंड दिला गेला, आणि लोकांचा विश्वास परत यावा म्हणून १६५२ पासून हा नवा छाप सुरू झाला. हे मला पंधरा वर्षांपासून पाठ होतं.

ज्यांना असं नाणं घ्यायचंच आहे त्यांना एवढं सांगतो. बाजारात ‘पायरेट कॉइन’ म्हणून विकलं जाणारं बहुतेक नाणं खरं असलं तरी चाच्यांचं नसतं. १७८४ मध्ये मेक्सिकोच्या आखातात बुडालेल्या ‘एल कासादोर’ या स्पॅनिश जहाजाची नाणी १९९३ नंतर मोठ्या संख्येने बाजारात आली. त्यांना चाच्याचा हात कधी लागला नाही. फ्लोरिडाजवळचं ‘अटोचा’ १६२२ च्या चक्रीवादळात बुडालं. चाच्यांचं म्हणून नक्की ओळख पटलेलं पहिलं जहाज म्हणजे ‘व्हिडा’. ते १७१७ मध्ये केप कॉडजवळ बुडालं, १९८४ मध्ये सापडलं आणि त्याच्या घंटेवरच्या नावावरून पुढच्या वर्षी ओळख पक्की झाली. तेव्हा कुणी ‘अमुक चाच्याचं नाणं’ म्हणाला, की ते कुठल्या जहाजातून, कुणी, कोणत्या साली काढलं ते विचारा. सोनेरी मोहोरेचा कागद कुठल्याही छपाईच्या दुकानात होतो. नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या नामांकित संस्थांचा क्रमांक असला, तर तो त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः घालून फोटो जुळवा. विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावर जाऊ नका.

पैसे त्याच्या खात्यात न जाता मेहुण्याच्या, भाच्याच्या खात्यात जात असतील तर तिथेच थांबा. आणि गेलेच तर लाजत बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, त्यावर लगेच फोन करा. मी दुसऱ्या हप्त्यानंतर महिनाभराने केला. तोवर त्या खात्यात अकरा हजार उरले होते, तेवढे गोठवले गेले. पहिल्याच दिवशी केला असता तर निदान दुसऱ्या हप्त्याचे पैसे अडकवता आले असते, असं ठाण्यातल्या हवालदारांनी सांगितलं. त्यांनी मला हिणवलं नाही, तक्रार नीट लिहून घेतली.

परवा माझ्या मित्राने एक फोटो पाठवला, दुसऱ्या कुठल्या गटातला. आता मी त्याला सगळं दाखवतो. तेच नाणं होतं. डाव्या काठाला तीच तिरपी चीर, क्रुसाच्या खाली तोच उडालेला टवका. हाताने कातरलेली दोन नाणी अशी हुबेहूब असूच शकत नाहीत. एकाच साच्यातून ओतलेली असतात. फक्त साल बदललं होतं. खांबांच्या मध्ये आता ९५ नव्हतं, १८ होतं. १७१८, ब्लॅकबिअर्ड हा इंग्रज चाचा मारला गेला ते साल. खाली नाशिकच्या एका तरुणाने लिहिलं होतं, “कित्येक वर्षं हेच शोधत होतो.” मी त्याला रात्रीच फोन केला. विसार देऊन झाला होता, पण फक्त दोन तासांपूर्वी. तो फोनवर असतानाच त्याच्या बहिणीने दुसऱ्या फोनवरून १९३० लावला. सोमवारी तो डोंबिवलीला येतोय. दोन्ही नाण्यांचे फोटो शेजारी शेजारी छापून आम्ही पोलीस ठाण्यात घेऊन जाणार आहोत.