मुंबईहून सर्व्हिस डॉगसह प्रवास: अमेरिका की ब्रिटन?

सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग व्यक्तीला मदत करायला शिकवलेला कुत्रा, सोबत घेऊन मुंबईहून अमेरिकेला जावे की ब्रिटनला, हे ठरवताना कुत्र्याला प्रशिक्षण कोणी दिले आहे हे आधी पाहावे. तारखा जुळवून घेता येतात, प्रशिक्षणाचा दाखला मात्र ऐनवेळी मिळत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात मालकाने घरी शिकवलेला कुत्राही केबिनमध्ये चालतो. तेथील परिवहन विभागाच्या अर्जावर त्याचे आरोग्य, वर्तन आणि प्रशिक्षण यांची हमी मालकानेच द्यायची असते, आणि प्रवास आठ तासांहून मोठा असल्यास विमान कंपनी नैसर्गिक विधींबाबतही लेखी हमी मागू शकते. ब्रिटनसाठी मात्र विमान कंपन्या सहसा 'असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल' किंवा 'इंटरनॅशनल गाइड डॉग फेडरेशन' यांच्या सदस्य संस्थेत शिकलेला कुत्राच केबिनमध्ये घेतात, तोही मान्यताप्राप्त मार्गावर. इतर कुत्र्यांना तेथे विमानाने मालवाहतूक म्हणूनच उतरावे लागते. केवळ मानसिक आधारासाठी पाळलेला कुत्रा दोन्हीकडे या सवलतीत बसत नाही.

रेबीजच्या नियमांतून सर्व्हिस डॉगलाही सूट नाही. मायक्रोचिप, त्यानंतर लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची टायटर चाचणी (लसीने पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली का, हे पाहणारी), हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. फरक पुढच्या प्रतीक्षेत आहे. रक्त घेतल्यापासून अमेरिकेत शिरेपर्यंत २८ दिवस पुरतात, तर ब्रिटनसाठी तीन महिने थांबावे लागते. म्हणजे पहिल्या लसीपासून मोजल्यास एकीकडे दोन महिने, तर दुसरीकडे चार. शिवाय ब्रिटनला पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचे औषध पशुवैद्याकडून देऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते. विमान दोन दिवस लांबले, तर हा डोस पुन्हा द्यावा लागू शकतो.

अमेरिकेची अडचण उतरण्याच्या ठिकाणी आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून, भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला न्यूयॉर्कचे जेएफके, लॉस एंजेलिस यांसारख्या ठरावीक विमानतळांवरच, तेथील नोंदणीकृत प्राणी केंद्रात आधी आरक्षण करून उतरता येते. नातेवाइकांच्या घराजवळचा विमानतळ त्या यादीत असेलच असे नाही, म्हणून तिकिटाआधी यादी पाहावी. कुत्रा सहा महिन्यांहून लहान असल्यास त्याला प्रवेशच नाही.

घरी शिकवलेल्या कुत्र्यासाठी मी अमेरिकाच सुचवेन. मान्य संस्थेत शिकलेला कुत्रा असेल आणि हाताशी चार महिने असतील, तर ब्रिटन सोयीचे, कारण कागदपत्रे बिनचूक असल्यास तेथे विलगीकरण टळते.