शोभेची जपानी आखूड तलवार: कोरीव, नक्कल की जुनी खरी?

संग्रहासाठी जपानी आखूड तलवार शोधायला लागलात की तीन निरनिराळ्या वस्तू समोर येतात, आणि विकणारे तिन्हींना बिनदिक्कत 'सामुराई तलवार' म्हणतात. एक म्हणजे मेइजी काळातली (1868 ते 1912), हाडावर कोरीवकाम केलेली कट्यार. दुसरी आज जपानमध्ये बनणारी, धार न लागणारी नक्कल. तिसरी त्याआधीच्या एदो काळातली (1603 ते 1868) खरी वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, बहुतेक वेळा साध्या पांढुरक्या लाकडी म्यानात. माझा कल तिसरीकडे आहे. पण तुम्हाला म्यान-मूठ बघत बसायला आवडतं की पातं, यावर तुमचं उत्तर वेगळं निघू शकतं.

आधी नावं समजून घेऊ, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. जपानी माप शाकु, म्हणजे 30.3 सेंटिमीटर. पातं एका शाकुपेक्षा आखूड असेल तर तांतो, एक ते दोन शाकु असेल तर वाकिझाशी, आणि त्यापुढे कताना. कताना आणि वाकिझाशी अशी जोडी कमरेला लावण्याचा मान सामुराईंचा होता, पण नुसती वाकिझाशी व्यापारी आणि सुखवस्तू शहरी माणसंही बाळगत. म्हणूनच वाकिझाशी मोठ्या संख्येने टिकल्या आणि त्याच दर्जाच्या कतानापेक्षा स्वस्त मिळतात. नवख्या संग्राहकाला याचा मोठा फायदा होतो.

आता कोरीव कट्यार. 1876 मध्ये मेइजी सरकारने चारचौघांत तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली. मुठीपुढची चकती (त्सुबा), मुठीवरचे नक्षीचे तुकडे घडवणारे कुशल धातुकारागीर एका फटक्यात बेकार झाले. त्यातले बरेच जण परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुलदाण्या, डबे, धूपदाण्या घडवू लागले. त्याच परदेशी बाजारासाठी योकोहामासारख्या बंदरांत या कट्यारी विकल्या जाऊ लागल्या: लाकडावर हाडाचे तुकडे जोडून केलेली म्यान आणि मूठ, त्यावर योद्धे, साधू, ड्रॅगन दाटीवाटीने कोरलेले. आतलं पातं मात्र बहुतेकदा साधं, पाणी न दिलेलं लोखंड असतं. तेव्हा पैसे द्यायचे ते कोरीवकामाचे. चेहऱ्यांवर भाव उतरलेत का, सांधे कुठे उघडलेत, तुकडे बदललेत का, एवढंच बघा. हाडाला हस्तिदंत म्हणून खपवणं नेहमीचं आहे. भिंगातून बारीक काळसर ठिपके किंवा रेघोट्या दिसल्या तर ते हाड. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. खरंच हस्तिदंत निघालं तर भारतात आणायचा विचारच सोडा, त्याच्या व्यापारावर इथे बंदी आहे.

दुसरा पर्याय मोगितो, म्हणजे नक्कल. जपानमध्ये नक्कल पोलादाची करता येत नाही, म्हणून ती जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि तिला धार लावता येत नाही. गिफू प्रांतातलं सेकी हे शहर शतकानुशतकं पात्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि अशा नकलाही तिथे बनतात. साधारण दहा ते तीस हजार येनमध्ये लाखेसारखी चमकदार म्यान, दोरीने विणलेली मूठ आणि त्सुबा असा पूर्ण साज मिळतो. भिंतीवर किंवा दिवाणखान्यातल्या स्टँडवर ती देखणी दिसते, पावसाळ्यात गंजत नाही, घरात लहान मूल असेल तरी पातं कापण्याची भीती नसते. टोक मात्र टोचतंच. नक्कल आहे हे ती लपवत नाही, म्हणून मला ती आवडते. बाजारातल्या स्टेनलेस स्टीलच्या स्वस्त 'बॅटल रेडी' तलवारींपेक्षा ती कितीतरी बरी. त्या स्वस्त तलवारींत मुठीत जाणारा भाग अनेकदा पेन्सिलीएवढा बारीक दांडा जोडून केलेला असतो, आणि जोरात फिरवली तर पातं सुटून उडू शकतं.

खरी वाकिझाशी हातात घेतल्यावर बाकीच्या दोन्ही फिक्या का वाटतात, ते पात्यात आहे. लोहार पात्याच्या पाठीला मातीचा जाड थर देतो, धारेकडे पातळ, मग पातं तापवून पाण्यात बुडवतो. धार झटकन थंड होऊन कठीण होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. दोन्हींच्या सीमेवर जी धुकट, लाटांसारखी रेषा उमटते ती हामोन. नकलेवर हीच रेषा ॲसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली असते: दुरून ठसठशीत, जवळून मेलेली. खऱ्या हामोनवर दिवा तिरका धरून पातं हळूच फिरवलं की आत बारीक चांदणं चमकतं. टोकियोच्या उएनोमधल्या राष्ट्रीय संग्रहालयात लोक काचेपुढे गुडघ्यात वाकून उभे असतात, ते हाच उजेडाचा कोन शोधत.

दोन-तीन लाख येनपासून पुढे, जपानी तलवार जतन संस्थेचं (एनबीटीएचके, स्थापना 1948) 'होझोन' (म्हणजे जतन करण्याजोगी) प्रमाणपत्र असलेली साधी वाकिझाशी मिळते. सुरुवातीला बिनसहीची पण प्रमाणपत्र असलेली घ्या. मोठ्या लोहाराच्या सहीवर भाळू नका. कोतेत्सुसारख्या नावाच्या खोट्या सह्या इतक्या आहेत की ते नाव दिसलं तर आधी खोटंच समजावं. प्रमाणपत्र 1982 नंतरच्या पद्धतीचं आहे ना, तेही पाहा, कारण त्याआधीच्या कागदांवर जाणकार तितका विश्वास ठेवत नाहीत.

तिची निगा राखणं मात्र जबाबदारीचं काम आहे. पात्याला उघडं बोट लावायचं नाही, घामाने डाग पडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत नियमित तेल पुसून नवं लावावं लागतं; जपानी लोक यासाठी लवंगेच्या वासाचं चोजी तेल वापरतात. आणि मुठीत लपलेल्या भागावरचा काळा गंज कधीच घासायचा नाही. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखीत करायची सवय आहे, पण इथे तो गंजच वय सांगतो. घासला की निम्मी किंमत आणि सगळा इतिहास गेला.

कायद्याचं काम पैसे भरण्याआधी करा. जपानमधून खरी तलवार बाहेर न्यायला तिथल्या सांस्कृतिक खात्याचा परवाना लागतो, अनुभवी विक्रेते तो काढून देतात. आपल्याकडे शस्त्र नियमांच्या यादीत तलवारी, खंजीर आणि 9 इंचांपेक्षा लांब पाती येतात. 9 इंच म्हणजे जेमतेम 23 सेंटिमीटर, म्हणजे पुष्कळशा तांतोही त्यापुढे जातात. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा आणि कस्टम्सचंही उत्तर हातात घ्या. नक्कल मागवणार असाल तरी विचारा.

तरीही निवड होत नसेल तर विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागा: मूठ काढून, आतल्या भागाचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो. खऱ्या तलवारीची मूठ बांबूच्या एका खिळीवर बसलेली असते, ती काढायला दोन मिनिटं पुरतात. 'मूठ निघत नाही' असं उत्तर आलं तर ती वस्तू जुन्या तलवारीच्या किमतीला घेऊ नका.