जूनटीन्थच्या उन्हात कलरचेकर पासपोर्ट: रंग सांभाळतो, उजेडाचं तुम्ही बघा

19 जून 1865 ला टेक्ससच्या गॅल्व्हेस्टनमध्ये जनरल गॉर्डन ग्रेंजरने गुलामांच्या मुक्तीचा आदेश जाहीर केला. त्याच दिवसाचा सण म्हणजे जूनटीन्थ. 2021 पासून त्याला अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टी आहे. गॅल्व्हेस्टनची मिरवणूक असो किंवा ह्यूस्टनच्या इमॅन्सिपेशन पार्कमधला मेळा (ही दहा एकर जागा मुक्त झालेल्या माणसांनी 1872 मध्ये पैसे गोळा करून विकत घेतली), फोटोग्राफरची अडचण एकच: गडद त्वचा, पांढरेशुभ्र कपडे आणि जूनचं ऊन एकाच फ्रेममध्ये. तिथे कॅलिब्राइट कंपनीचा कलरचेकर पासपोर्ट फोटो 2, म्हणजे फोटोतले रंग खरे यावेत म्हणून वापरायचा रंगांचा तक्ता, किती कामाला येतो, ते इथे बघू.

खिशात मावणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात चार टार्गेट येतात: 24 पॅचचा (रंगीत चौकोनांचा) क्लासिक चार्ट, व्हाइट बॅलन्ससाठी (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून) सपाट करडं पान, रंग किंचित उबदार किंवा थंड करायचे पॅच आणि एक्स्पोजरसाठी (फोटो किती उजळ येणार ते ठरवायला) 18 टक्के ग्रे कार्ड, म्हणजे 18 टक्के उजेड परत फेकणारं करडं कार्ड. ग्रे कार्ड आधीच्या पासपोर्टमध्ये नव्हतं, आणि या कामाला तेच सगळ्यात जास्त लागतं.

वापर सोपा आहे. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, शूट करायचं. माणसं ज्या उजेडात उभी आहेत त्याच उजेडात चार्टचा एक फोटो काढायचा. चार्टने फ्रेमचा किमान दहावा हिस्सा व्यापावा, पांढरा पॅच जळू नये (अति उजेडाने कोरा होऊ नये) आणि चार्टवर चकाकी येऊ नये म्हणून तो थोडा कलता धरावा. घरी आल्यावर लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्टच्या प्लगइनमधून तो फोटो एक्स्पोर्ट केला की प्रोफाइल, म्हणजे त्या कॅमेऱ्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल, तयार होतं. त्यानंतर लाइटरूम बंद करून पुन्हा उघडावं लागतं, नाहीतर प्रोफाइल यादीत दिसत नाही आणि लोक प्लगइनला शिव्या घालत बसतात.

फरक कुठे दिसतो? झेंड्याच्या लाल-निळ्यात दिसतो, पण खरा दिसतो तो त्वचेत. लाइटरूमच्या ठरावीक, तयार प्रोफाइलमध्ये गडद त्वचेच्या सावल्या कधी विटकरी, कधी राखाडी होतात. चार्टवरून केलेल्या प्रोफाइलमध्ये त्या तपकिरी राहतात आणि शेजारी उभ्या दोन माणसांच्या रंगछटा वेगवेगळ्या दिसतात. फिल्मच्या काळात रंग जुळवायला लॅबमध्ये 'शर्ली कार्ड' असायची. त्यांवर बराच काळ गोऱ्या बाईचाच चेहरा होता आणि त्याची किंमत काळ्या माणसांच्या फोटोंनी मोजली. आपल्याकडे लग्नाच्या अल्बममध्ये सावळी नवरी परस्पर 'उजळवणारे' आहेतच, तेव्हा हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही.

आता उणीव. 24 पॅचमध्ये गडद त्वचेचा पॅच एकच, आणि तो साधारण 10 टक्के उजेड परत फेकतो, म्हणजे मध्यम तपकिरी. मिरवणुकीतले कितीतरी चेहरे त्याहून गडद असतात. त्या पॅचवर एक्स्पोजर जुळवलंत तर ते चेहरे बुडतील. प्रोफाइल रंग सुधारतं, एक्स्पोजर नाही. त्याच कंपनीच्या 140 पॅचच्या डिजिटल एसजी चार्टमध्ये त्वचेच्या छटा जास्त आहेत, पण तो खिशातला नाही, स्टुडिओतला आहे.

म्हणून एक्स्पोजर हाताने लावावं. गॅल्व्हेस्टनला त्या दिवशी दुपारी साधारण 1.20 ला सूर्य 84 अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो. चर्चला जाणाऱ्या बायकांच्या रुंद हॅटखाली डोळे दिसतच नाहीत. मॅट्रिक्स मीटरिंग (पूर्ण फ्रेमचा उजेड मोजणारं) पांढरे कपडे बघून एक्स्पोजर कमी करतं, चेहरा आणखी काळवंडतो. उलट स्पॉट मीटर (एकाच बिंदूचा उजेड मोजणारं) गडद चेहऱ्यावर धरलं तर कॅमेरा त्याला 18 टक्के ग्रेवर आणतो, चेहरा फिकट होतो आणि कपाळावरची चमक जळते. त्यापेक्षा ग्रे कार्डवर मोजून मॅन्युअल मोडवर कायम करा. उघड्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि एफ 5.6 (लेन्सचं छिद्र) ला शटर साधारण 1/800 सेकंद येतं. गडद चेहऱ्यांसाठी 1/500 ठेवा, पांढरं कापड रॉमधून परत मिळतं. शक्य असेल तर सकाळी साडेनऊच्या आत किंवा पाचनंतर शूट करा.

सर्वात जास्त घोटाळा तंबूंनी होतो. निळ्या ताडपत्रीखाली चेहरा निळसर, लाल छत्रीखाली लाल, ओकच्या झाडाखाली हिरवट. उन्हात केलेलं प्रोफाइल तिथे चालत नाही. प्रत्येक सावलीसाठी चार्टचा वेगळा फोटो हवा. उबदार पॅच जपून वापरा, दोन पायऱ्या चढलात की गडद त्वचा नारिंगी होते. रात्रीच्या स्टेजवर जांभळे-निळे एलईडी लागले की चार्ट पाकिटातच ठेवा. त्या उजेडात मधले रंगच नसतात, प्रोफाइल ते कुठून आणणार?

आणि चार्ट लोकांच्या हातात देऊ नका. काळ्या माणसाच्या चेहऱ्याशेजारी रंगांची पट्टी धरायला सांगणं कसं दिसतं, याचा विचार करा. स्वतःच्या हातात धरा, त्यांच्या जागेवर क्षणभर उभे राहा, एक फोटो काढा आणि बाजूला व्हा.

पॅचवर बोटं लावू नका, घामाचे डाग निघत नाहीत. वापर जास्त असेल तर दोन वर्षांनी नवा घ्या, रंग फिके पडतात. म्हणूनच कोणी वापरलेला जुना पासपोर्ट स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. रॉ न वापरता कॅमेऱ्यातूनच थेट जेपेग (तयार फोटो) देणाऱ्यांनी हा घेऊच नये, त्यांना साधं ग्रे कार्ड पुरतं. रॉमध्ये काम करणाऱ्याने, विशेषतः दोन कॅमेरे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर, जरूर घ्यावा. प्रत्येक कॅमेऱ्याचं प्रोफाइल मात्र वेगळं करावं लागेल.