पारदर्शक बॅलिस्टिक जेलचा ठोकळा: विदर्भाच्या हवामानात केलेली पारख

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या जंगलालगतच्या पट्ट्यात तूर शेंगांवर आली की रानडुकरांचे कळप रातोरात वावर उलथून टाकतात आणि जागलीला बसलेल्या कास्तकाराचा हंगाम डोळ्यांदेखत जातो. शिकारीला देशात बंदी आहे आणि ती असायलाच हवी. परंतु उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्याबाबत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार अधिकृत वन अधिकाऱ्याला कारणे नोंदवून लेखी परवानगी देता येते. अशा परवानगीवर परवानाधारकाने झाडलेली गोळी जनावराला जागीच पाडणारी असली पाहिजे. अर्धवट लागलेले डुक्कर पऱ्हाटीत शिरून बसते आणि सकाळी त्याच ओळींमध्ये बाया कापूस वेचायला उतरतात. म्हणून कोणती गोळी किती वेगाला किती फुलते, म्हणजे आदळून किती पसरते, आणि किती आत जाते, हे परवानगीचा कागद हातात येण्याआधीच माहीत असावे, असे माझे ठाम मत आहे. आमच्या रायफल क्लबने याच कामासाठी पारदर्शक कृत्रिम बॅलिस्टिक जेलचे, म्हणजे मांसाच्या जागी गोळी मारून पाहायच्या मऊ पदार्थाचे, दोन ठोकळे मागवले. त्यांचा पूर्ण एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापर केल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. सर्व चाचण्या परवाना असलेल्या रेंजवर, मागे मातीचा उंच बांध असताना झाल्या. वावरात किंवा धुऱ्यावर असे प्रयोग कोणीही करू नयेत.

ठोकळा साधारण चाळीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद आणि पंधरा उंच असून त्याचे वजन आठ किलोच्या आसपास भरते. तो खनिज तेल आणि पॉलिमर यांपासून बनवलेला असल्यामुळे सडत नाही, त्याला फ्रीज लागत नाही आणि गोळीचा मार्ग काचेतून पाहावा तसा स्वच्छ दिसतो. जगभरात प्रमाण मानले जाणारे माध्यम मात्र वेगळे आहे. जिलेटिन पाण्यात दहा टक्के प्रमाणात मिसळून ते ४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि वापरण्यापूर्वी ४.५ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने त्यात मारून पाहतात; ती साडेआठ सेंटिमीटर, एक सेंटिमीटर कमीअधिक, इतकी शिरली तरच तो ठोकळा चाचणीला योग्य समजतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या आणि भारनियमनाचा भरवसा नसलेल्या आमच्या भागात ४ अंशांचा ठोकळा रेंजपर्यंत नेणे जवळजवळ अशक्य आहे. कृत्रिम जेलचे आकर्षण आहे ते येथेच.

मात्र विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील ‘सामान्य तापमान’ म्हणजे विदर्भातील दुपार नव्हे, हे खरेदीदाराने पक्के ध्यानात घ्यावे. डिसेंबरच्या सकाळी पोलादी गोळीची चाचणी ठरलेल्या मर्यादेत बसली, तर एप्रिलच्या दुपारी तोच ठोकळा हाताला लिबलिबीत लागत होता आणि गोळी मर्यादेच्या बरीच पुढे जाऊन थांबत होती. अशा ठोकळ्यावर घेतलेले खोलीचे कोणतेही माप निरुपयोगी होय. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळी दहाच्या आत, आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पोलादी गोळीने पडताळणी करूनच हे साधन वापरावे. शिवाय त्याचा पृष्ठभाग चिकट असल्याने काळ्या मातीची धूळ त्यावर लगेच बसते आणि पारदर्शकता जाते. ओल्या, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून न्यावे आणि रेंजवर पोहोचल्यावरच उघडावे.

आता मुख्य विषयाकडे येतो. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला घरी काडतुसे भरून बारूद कमीजास्त करण्याची मोकळीक नाही, म्हणून वेग बदलण्याचा एकच सरळ मार्ग उरतो, तो म्हणजे अंतर बदलणे. ठोकळ्याच्या जरा अलीकडे क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र, ठेवून आम्ही प्रत्येक गोळीचा लागतेवेळचा वेग नोंदवला. पहिली निवड अर्थातच ३१५ बोर या रायफलीच्या काडतुसाची होती. पूर्वीच्या ऑस्ट्रियन सैन्याच्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावरून आलेल्या या काडतुसाची गोळी जड, म्हणजे २४४ ग्रेन अथवा सुमारे पंधरा पूर्णांक आठ ग्रॅमची, आणि गोल टोकाची असते. मूळ सैनिकी काडतुसाचा वेग सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास होता. गोल टोकामुळे ती हवेत वेग लवकर गमावते, त्यामुळे कमी अंतरातच वेगाचा मोठा पल्ला तपासता येतो.

पंचवीस मीटरवरून सॉफ्ट नोज गोळी ठोकळ्यात शिरताच उघड्या शिशाचे टोक चपटे होऊन तांब्याचे आवरण मागे वळत गेले. ती दुसऱ्या ठोकळ्यात थांबली आणि बाहेर काढली तेव्हा तिचा व्यास जवळपास दुप्पट झालेला होता. गावातल्या सराफाने आपल्या काट्यावर तिचे वजन करून दिले. वजनात फारशी घट नव्हती. शंभर मीटरच्या पलीकडे, वेग साडेपाचशेच्या खाली आल्यावर, चित्र बदलले. टोक जेमतेम दबले, व्यास थोडाच वाढला आणि गोळी दोन्ही ठोकळे पार करून मागच्या वाळूच्या पोत्यात गेली. वेग कमी झाला असूनही गोळी अधिक खोल गेली, हे पाहून क्लबातील अनेक अनुभवी सभासदांना आश्चर्य वाटले, परंतु त्यामागचे कारण सरळ आहे. गोळीच्या टोकावर येणारा दाब माध्यमाची घनता आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतो. वेग पाऊणपट झाला की दाब निम्म्याच्या थोडाच वर राहतो, आणि तेवढ्या दाबाला शिसे हवे तसे पसरत नाही. न फुललेली गोळी अरुंद राहते, तिला अडवणारे क्षेत्र कमी असते, म्हणून ती सरळ पुढे निघून जाते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की लांबून मारलेले डुक्कर बारीक भोक घेऊन पळते आणि गोळी त्याच्या पलीकडे, जिथे दुसरा कास्तकार जागलीला बसलेला असू शकतो, तिथपर्यंत जाते.

थर्टी-ओ-सिक्स या अधिक वेगवान रायफल काडतुसाच्या १८० ग्रेन सॉफ्ट नोज गोळीने याच्या उलट टोकाची अडचण दाखवली. जवळून, सेकंदाला आठशे मीटरच्या वर वेग असताना, ती पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच जोरात फुटली, शिशाचे कण मार्गभर विखुरले आणि उरलेला तुकडा ३१५ च्या गोळीपेक्षा कमी खोल थांबला. शंभर मीटरवर वेग थोडा उतरल्यानंतर तीच गोळी अधिक नीट फुलली, वजन अधिक राखले आणि जरा पुढे गेली. म्हणजे प्रत्येक गोळीला तिच्या बनावटीनुसार वेगाचा एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याच्या वर किंवा खाली ती भरवशाची राहत नाही. हे पुस्तकात वाचलेले असते. पारदर्शक ठोकळ्यात मार्गाच्या सुरुवातीलाच पडलेली रुंद भेग आणि पुढे निमुळती होत गेलेली रेघ पाहिली की ते मनात कायमचे बसते. या एका गोष्टीसाठी मी या उत्पादनाला मनापासून दाद देतो.

तरीही त्याच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. या जेलची घनता पाण्यापेक्षा कमी आहे, तर मांसाची पाण्याहून किंचित जास्त असते. वर सांगितलेल्या नियमानुसार, त्याच वेगाला जेलमध्ये दाब कमी येतो, म्हणून गोळी खऱ्यापेक्षा कमी फुलते आणि जास्त खोल जाते. मर्यादेवरच्या वेगाला हा फरक निर्णायक ठरतो. जलद गोळ्यांच्या वेळी आतल्या पोकळीत तेलाची वाफ पेटून क्षणभर ज्वाळा दिसते आणि मार्ग काळवंडतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, मात्र पेटती काडी किंवा विडी जवळ असता कामा नये. घनतेच्या या फरकामुळे आम्ही प्रत्येक अंतरावर रात्रभर भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे सुतळीने आवळलेले गठ्ठेही वापरले. त्यांत खोली कमी भरते आणि मार्ग दिसत नाही, पण पाण्याने भरलेल्या कागदात गोळी अधिक तयारीने फुलते, आणि दोन गोळ्यांची आपसात तुलना करायला हे फुकटचे साधन उत्तम आहे. दोन्ही माध्यमांत न फुललेली गोळी त्या अंतराला बाद समजावी, हा आमचा नियम झाला आहे.

गोळी तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर खोल जावी ही अनेकांच्या तोंडी असलेली मर्यादा अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ च्या मायामीतील चकमकीनंतर हातबंदुकीच्या गोळ्यांसाठी ठरवली. ती रानडुकराला लावणे चूक आहे. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कठीण ढालीसारखा जाड थर असतो, शिवाय ते तिरपे उभे असेल तर गोळीला बरेच जास्त अंतर कापावे लागते. नुसत्या जेलमध्ये ना हाड आहे ना ती ढाल. आम्ही ठोकळ्यासमोर म्हशीच्या जाड चामड्याचे थर बांधून पाहिले; कमी वेगाच्या गोळ्यांचे फुलणे त्यामुळे आणखी अनियमित झाले. या सगळ्यावरून ३१५ साठी साठ-सत्तर मीटरच्या पुढे परवानगीचे जनावरही सोडून द्यावे, असे मी आमच्या सभासदांना सांगतो.

किमतीबाबत स्पष्ट सांगायचे तर दोन ठोकळ्यांच्या पैशांत एका एकराची पेरणी, खते आणि फवारणी सहज भागते, त्यामुळे एकट्याने ते घेणे मला योग्य वाटत नाही. क्लबने किंवा चार-पाच परवानाधारकांनी मिळून घ्यावे. एक ठोकळा रायफलसाठी अपुरा आहे, निदान दोन हवेतच. जेल वितळवून पुन्हा साच्यात ओतता येते, पण त्यासाठी शंभर अंशांच्या बरेच वर तापमान लागते आणि माध्यम तेलाचे आहे, म्हणून चुलीवर किंवा उघड्या गॅसवर हे काम मुळीच करू नये. तापमान नियंत्रित करता येणारी विजेची भट्टी आणि हवेशीर जागा लागते. ओतण्यापूर्वी शिशाचे कण धातूच्या बारीक चाळणीने गाळून घ्यावेत, नाहीतर पुढच्या चाचणीत जुन्या गोळीचे तुकडे नव्या गोळीच्या नावावर धरले जातात. मागणी नोंदवताना धातूचा साचा सोबतच घ्यावा. विक्रेता तो वेगळा विकतो आणि नंतर मागवल्यास वाहतुकीचा खर्च पुन्हा द्यावा लागतो.