धालोची गाणी, जत्रेच्या तारखा: नोंदी कशात ठेवायच्या?

माझी भाची गोवा विद्यापीठात मराठीत एम.ए. करते. पौषात गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या गावांत मांडावर, म्हणजे बायका जिथे धालो हा नाच-गाण्याचा खेळ करतात त्या अंगणात, जाऊन धालोची गाणी लिहून घ्यायची, असं तिचं काम. तिने विचारलं, "मावशी, हे सगळं कुठल्या अ‍ॅपात ठेवू?" त्याच आठवड्यात माझे दीर म्हणाले, "वहिनी, देवस्थानचं सगळं माझ्या डोक्यात आहे, ते कुठेतरी उतरवायला हवं." दोघांना मी अगदी वेगळी उत्तरं दिली. त्यांच्यासारखेच विचारात पडलेले बरेच जण असतील, म्हणून ती इथे सविस्तर मांडते.

आधी दिरांचं. त्यांना हवं आहे ते 'कधी' आणि 'कोण': पालखी केव्हा, भटजींचा फोन कुठला, मंडपवाल्याला उरलेले पैसे कोणत्या दिवशी द्यायचे. याला नोंदवही नको, कॅलेंडर आणि संपर्कयादी हवी. आउटलुकमध्ये मेल, कॅलेंडर, संपर्क आणि कामांची यादी एकत्र मिळते. थंडरबर्ड हा तसाच मेलचा प्रोग्राम, फुकट आणि मुक्तस्रोत (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आहे, २०२० पासून त्यात कॅलेंडर आतच येतं. पण दोन्हींची खरी मजा संगणकासमोर बसणाऱ्याला. दीर दिवसभर फोनवर असतात आणि समितीतल्या चौघांना तारखा दिसायला हव्यात, म्हणून मी त्यांना गुगल कॅलेंडर सुचवलं, त्यातही देवस्थानसाठी वेगळं, चौघांत वाटून घेतलेलं. उद्या बदलावंसं वाटलं तरी तारखा आयसीएस आणि फोननंबर व्हीकार्ड फाईलमध्ये बाहेर पडतात, आणि त्या या तिन्ही ठिकाणी उघडतात. नोंदींच्या अ‍ॅपांत अशी सर्वमान्य फाईल नाही, हे पुढे लक्षात ठेवा.

इथे एक अडचण मात्र आहे आणि ती तिन्हींत सारखीच. सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, २४ जूनला, जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट झेवियरचा सण) ३ डिसेंबरला. 'दरवर्षी' एवढं निवडलं की काम झालं. पण शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, आणि तिथीने पुनरावृत्ती करायची सोय या कॅलेंडरांत नाही. गेल्या वर्षीची तारीख 'दरवर्षी' म्हणून टाकलीत तर आठवण चुकीच्या दिवशी वाजणार. पाडव्याला नवं पंचांग घेऊन बसायचं आणि वर्षभराच्या तिथी एका बैठकीत भरून टाकायच्या. तास-दीड तास जातो, पण वर्ष निभावतं.

आता भाचीचं. तिला 'काय' साठवायचं आहे: गाण्याचे शब्द, ध्वनिमुद्रण, कोणत्या बाईने गायलं, तीच ओळ शेजारच्या गावात कशी बदलते. इथे निवड अवघड होते.

गुगल कीप २०१३ पासून आहे. पटकन उघडतं, बोलून नोंद करता येते, रंग देता येतात. पण फोल्डर नाहीत, आणि नोंदी दोनशेच्या पुढे गेल्या की रंगीबेरंगी कागदांचा ढीग होतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची यादी लिहायला उत्तम, संशोधनाला नाही. एव्हरनोट कधीकाळी सगळ्यांच्या ओठांवर होतं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी मोफत खात्यावर ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा आणली. विद्यार्थिनीच्या ५० नोंदी पहिल्याच आठवड्यात होतात.

नोशनचे तक्ते मला मनापासून आवडतात. गाव, गायिका, गाणं, दिवस असे रकाने करून हवे तसे लावता येतात. पण ऑगस्ट २०२५ पर्यंत त्यात नेटशिवाय काम करायची धड सोय नव्हती. आता आहे, तरी ते पान आधी फोनवर उतरवून (डाउनलोड करून) ठेवावं लागतं. सत्तरीच्या आतल्या वाड्यांवर रेंज नसते आणि पावसात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. तिथे पोचल्यावर 'पान उतरवायचं राहिलं' असं आठवून काय उपयोग?

वननोटची एक गोष्ट कौतुकाची आहे. विंडोजवर ध्वनिमुद्रण चालू ठेवून टिपणं लिहिली, तर नंतर टिपणातल्या ओळीपासून त्या क्षणाचा आवाज ऐकता येतो. मांडावर शब्द निसटला तर नेमक्या जागी परत जाता येतं. मी तर यावरच थांबणार होते. मग विचार केला तो बाहेर काढण्याचा. वननोटमधून पीडीएफ किंवा वर्डमध्ये काढता येतं, पण वह्या, विभाग आणि आवाजाशी असलेली ती जोडणी दुसऱ्या अ‍ॅपात तशीच्या तशी नेता येत नाही. मागे एक सेवा बंद झाली तेव्हा माझ्या नोंदी एका बाजूला आणि त्यांचे फोटो दुसऱ्या बाजूला, नावंगावं नसलेले, असे हाती आले होते. कोणता फोटो कोणाच्या माटोळीचा (चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या सजावटीचा), हे मला आजही लावता आलेलं नाही.

म्हणून शेवटी दोनच उरली: ऑब्सिडियन आणि जॉप्लिन. दोन्हींत मार्कडाउनमध्ये लिहायचं, म्हणजे साधा मजकूर आणि थोड्या खुणा. दोन्ही नेटशिवाय चालतात. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंद ही तुमच्या फोल्डरातली साधी फाईल असते. ऑब्सिडियन उद्या बंद झालं तरी ती नोटपॅडमध्ये उघडेल. जॉप्लिन सगळं आपल्या डेटाबेसमध्ये ठेवतं, पण मार्कडाउन फाईली बाहेर काढून देतं. जॉप्लिन मुक्तस्रोत आहे, ऑब्सिडियन फुकट असलं तरी मुक्तस्रोत नाही. जॉप्लिन ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवरून फोनशी जुळतं, आणि पाठवताना नोंदी कुलूपबंद करायची सोय मोफत देतं. ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिना ४ डॉलर.

भाचीला मी ऑब्सिडियन सांगितलं, ते जोडण्यांसाठी. एका गाण्याच्या नोंदीत दुसऱ्याचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की दुवा तयार होतो, आणि त्या दुसऱ्या नोंदीत 'मला कुठून कुठून बोलावलंय' हेही दिसतं. गावागणिक बदलणाऱ्या गाण्याला हेच हवं. बायकांचे फोननंबर मात्र तिने नोंदींत लिहायचे नाहीत. ते 'कोण' झालं, त्याची जागा संपर्कयादीत. कुणी खाजगी काही सांगितलं असेल आणि ते फोनवरही हवं असेल, तर मी जॉप्लिन घेईन.

देवनागरीत शोधण्याची बाब कुठल्याच जाहिरातीत नसते, म्हणून थोडं तपशिलाने. एका कीबोर्डवर 'ऱ्य' हे 'ऱ' या वेगळ्या अक्षरापासून बनतं, दुसऱ्यावर साध्या 'र'ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखंच, संगणकाला वेगळं. फोनवर लिहिलेलं 'वाऱ्यावर' लॅपटॉपवर शोधून सापडत नाही ते यामुळे. त्यात धालोच्या गाण्यांत कोंकणी आणि मराठी एकमेकांत मिसळलेली: कुणी 'न्हंय' लिहितं, कुणी 'न्हय', आपण 'नदी' शोधतो. तेव्हा प्रत्येक नोंदीच्या शेवटी एका ओळीत शब्दाची सगळी रूपं लिहायची. आणि जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेलं काही हाती आलं तर ते आधी बदलून घ्यायचं, नाहीतर शोधात ते कधीच येणार नाही.

भाचीने सध्या दहाच गाणी टाकली आहेत. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ती रविवारी माझ्याकडे येणार आहे. माझ्या संगणकावर ऑब्सिडियन नाही. तिथे दहाही गाणी उघडली आणि 'वाऱ्यावर' सापडलं, तर उरलेली साठ ती त्यातच टाकणार.