हिवाळ्यातलं पॉलीहाऊस : पडदे हाताने सांभाळायचे की पंखे लावायचे?

डिसेंबर लागला की नागपूरकडचा पॉलीहाऊसवाला थंडीला भितो. संध्याकाळी पाचला सगळे पडदे खाली, आणि सकाळी ऊन चांगलं तापलं की दहाला वर. पहिल्या हिवाळ्यात मीही तेच केलं. कळमेश्वरकडे दहा गुंठे, आत ढोबळी मिरची. सकाळी आत शिरलो की छताच्या कागदावरून थेंब टपटप मानेवर पडायचे. महिनाभरात देठांपाशी राखाडी बुरशी दिसली. झाडं थंडीनं नाही, दवानं बिघडली होती.

म्हणून पूर्ण कोंडून ठेवणं हा पर्याय आधीच बाजूला ठेवतो. साधा पॉलिथिनचा कागद जमिनीतून निघणारी उष्णता फारशी अडवत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री बिनहीटरच्या पॉलीहाऊसमध्ये बाहेरच्याइतकीच थंडी असते, कधी एखादा अंश जास्तच. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तशा रात्री पडदे लावा म्हणजे गार वारा थेट झाडांना लागत नाही, पण ऊब येईल ही आशा धरू नका.

राहिले दोन रस्ते.

पडद्यांचा रस्ता स्वस्त आहे, त्याला फक्त माणूस वेळेवर लागतो. धुकं असताना पडदा उघडला तर ओल आत येईल, असं सगळ्यांना वाटतं. हिशोब उलटा आहे. १२ अंशांची पूर्ण ओली हवा घनमीटरला जेमतेम पावणेअकरा ग्रॅम पाणी धरते. तीच हवा आत येऊन २५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४६ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे सूर्य वर आला की धुक्यातली हवासुद्धा आत सुकवायचंच काम करते.

खरी गडबड सूर्योदयानंतरच्या दोन तासांत होते. पानं ऊन लागताच बाष्प सोडू लागतात, हवा भराभर तापते, पण जाड गराचं फळ अजून गारच असतं. मग थंड तांब्यावर जमावं तसं त्याच्यावर दव जमतं. दहापर्यंत थांबलात तर बुरशीला हवा तेवढा ओलावा मिळून गेलेला असतो. इकडे या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला टॉप व्हेंट, म्हणजे छताची फट, आणि वाऱ्याच्या आडोशाची बाजू हातभर उघडा. आमच्याकडे थंड वारा बहुतेक उत्तरेकडून येतो, म्हणून मी दक्षिणेचा पडदा आधी उचलतो. संध्याकाळी बाजूचे पडदे आधी पाडा, वरची फट रात्रभर राहू द्या. तुमच्या टॉप व्हेंटला पडदाच नसेल, नुसती जाळी असेल, तर हे काम आपोआप होतंय. ठिबक सकाळीच चालवा, दुपारनंतर नको. पाण्याचं धुकं उडवणाऱ्या फॉगरला फेब्रुवारीपर्यंत सुट्टी.

पंख्यांत दोन जाती आहेत आणि विकणारे दोन्ही एकाच दमात सांगतात. एक्झॉस्ट पंखा चहूबाजूंनी बंद असलेल्या घरासाठी. फॅन-पॅडचं घर, म्हणजे एका बाजूला ओले पॅड आणि समोर पंखे असलेलं, असेल तर पॅडचं पाणी बंद करून तेच पंखे सकाळी थोडा वेळ फिरवा, नवीन काही घेऊ नका. बाजू उघडणाऱ्या साध्या पॉलीहाऊसमध्ये मात्र तो जवळच्या फटीतली हवा ओढतो, मधल्या ओळी तशाच ओल्या राहतात. माझ्या मते आपल्याकडे तो पैसा वाया.

आत हवा खेळवणारे, वर टांगायचे पंखे वेगळे. पानांभोवती साचलेली ओली हवा ते हलवतात आणि पानाचं तापमान हवेच्या बरोबरीला आणतात, त्यामुळे दव कमी धरतं. पण ओलावा बाहेर काढणं त्यांच्या हातात नाही, वरची फट हवीच. २०० वॉटचे चार पंखे रात्री दहा तास म्हणजे ८ युनिट, एवढं परवडतं. अडचण लाइनची. शेतीची थ्री फेज पाळीपाळीनं येते, म्हणून सिंगल फेजचेच पंखे घ्या आणि पहाटे चार ते आठ लाइन टिकते का ते आधी आठ दिवस बघा.

तुम्ही शेतावर राहत असाल, पीक विरळ असेल, तर पंखे नकोत. शहरातून धरमपेठ नाहीतर मानेवाड्याहून ये-जा करता, गडी साडेआठला उगवतो आणि आत दाट जरबेरा किंवा काकडी आहे, तर टांगते पंखे घ्या. जरबेऱ्याच्या पाकळीवर एक ओला डाग म्हणजे लग्नसराईत ते फूल गेलंच. आणि प्रश्न भुरीचा, म्हणजे पानावरच्या पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीचा, असेल तर दोन्हींवर भिस्त ठेवू नका, तिला पानावर पाणी लागतच नाही.

खर्चाआधी एक साधा आर्द्रतामापक मधल्या ओळीत, झाडाच्या उंचीवर टांगा. दाराजवळ नको, तिथला आकडा नेहमी गोड असतो. पडदे साडेसहाला उघडूनही नऊला काटा ९० च्या खाली येत नसेल, तर पंख्यांचा भाव काढायला हरकत नाही. माझा काटा साडेआठलाच उतरायला लागला, म्हणून मी अजून घेतलेले नाहीत.